जाऊबाईंचा योसेफ

आमच्या चर्चच्या स्त्रीमंडळाच्या नाताळ मेळाव्यात पुरुषांना मज्जाव असतो. त्यामुळे जन्माच्या नाटुकल्यात मेंढपाळ, देवदूत, ताऱ्याच्या मागे पूर्वेकडून आलेले ज्ञानी मागी, सगळ्या बायाच. काजळाने मिशा काढायच्या, नवऱ्यांचे झगे नि घरातल्या चादरी पांघरायच्या आणि गव्हाणीभोवती उभं राहायचं. आमच्या एका मागीला चष्म्याशिवाय दिसत नाही, म्हणून तो तारासुद्धा चष्म्यातूनच बघतो. योसेफ, म्हणजे मरीयेचा नवरा, मात्र वर्षानुवर्षं ठरलेला, माझ्या थोरल्या जाऊबाई. एकतर त्या ताडमाड उंच. शिवाय योसेफाला अवाक्षर बोलायचं नसतं, आणि चारचौघांत बोलायचं म्हटलं की जाऊबाईंच्या घशाला कोरड पडते. मरीयेच्या मागे कंदील धरून उभं राहिलं की झालं काम. त्यांना लोकरीची दाढी चिकटवायचं काम माझं.

जाऊबाई चर्चच्या आवारातल्या बालगृहात आया आहेत. कुणी पायरीवर ठेवलेली, कुणी दवाखान्यात सोडून गेलेली तान्ही पोरं तिथे येतात. त्यांना न्हाऊमाखू घालायचं, दूध पाजायचं, वाढवायचं, आणि कुणी दत्तक घ्यायला आलं की हसत पाठवायचं. जाऊबाईंना स्वतःचं मूल झालं नाही. बालगृहातली किती पोरं त्यांनी पाठवली याचा हिशेब त्या ठेवत नाहीत. एकेक पोर गेलं की दोन दिवस घरात भांडी जरा जास्त आपटतात, एवढंच. नंतर सगळं सुरळीत होतं.

गुंड्याचं तसं नव्हतं. तो आला तेव्हा मुठीएवढा होता. बाटली तोंडात धरायचीही ताकद नव्हती. डॉक्टरांनी आशा सोडली, जाऊबाईंनी चमचा सोडला नाही. थेंब थेंब पाजून त्यांनी तो जगवला आणि मग असा काही गुबगुबीत केला की नाव आपोआपच गुंड्या पडलं. आता बसायला लागला होता, दोन दात आले होते, आणि ते दात तो जाऊबाईंच्या खांद्यावर चालवून बघायचा. घरी आल्या की त्या खांद्यावरचे वळ मला कौतुकाने दाखवत. मी म्हणायची, "ताई, लोक दागिने दाखवतात." त्या म्हणायच्या, "मग हे काय आहे?"

नाताळच्या तोंडावर गुंड्याला घर मिळालं. जोडपं चांगलं होतं, त्यात नाव ठेवायला जागा नव्हती. जाऊबाईंनी पुष्कळ शोधली. बाई शांत, जरा धास्तावलेली, पोराला घेताना फुटेल की काय अशी घेणारी. बालगृहाची एक रीत आहे. पोर द्यायचं ठरलं की नवी आई आठवडाभर रोज येऊन त्याला सांभाळते, आणि त्या आठवड्यात जुन्या आयाने त्याच्या नजरेला पडायचं नाही. आवाज तर मुळीच ऐकू द्यायचा नाही. मागे एकदा एक पोरगी फाटकापर्यंत गेली होती, तेवढ्यात तिला आयाचा आवाज ऐकू आला. मग ती नव्या आईकडे काही केल्या जाईना. ते लोक रिकाम्या हाताने गेले ते परत आले नाहीत. ती पोरगी अजून तिथेच आहे. म्हणून जाऊबाई मुकाट्याने मागच्या बाजूला धुणं धूत बसल्या.

इथे आमच्या पाळकबाईंना कल्पना सुचली. पाळकबाई म्हणजे आमच्या चर्चच्या धर्मगुरूंच्या, पाळकसाहेबांच्या पत्नी. मनाने लोणी, पण कल्पना सुचली की कुणाचं ऐकत नाहीत. त्या म्हणाल्या, "यंदा बाळ येशू गुंड्या आणि मरीया त्याची नवी आई! कार्यक्रम झाला की सगळ्यांच्या आशीर्वादाने तिथूनच घरी न्यायचं. देवानेच जुळवून आणलंय!" सगळ्या बायांचे डोळे पाणावले. कुणाच्या डोक्यात आलं नाही की मरीयेच्या मागे कोण उभं असतं. आलं ते बालगृह चालवणाऱ्या मोठ्या बाईंच्या, पण तोवर नव्या आईला आमंत्रण जाऊन ती हरखून गेली होती.

मोठ्या बाई जाऊबाईंना म्हणाल्या, "दाढीत तो तुम्हाला ओळखायचा नाही. पण तोंडातून आवाज काढू नका हं."

"योसेफाला कुठे बोलायचं असतं?" पाळकबाई हसून म्हणाल्या.

घरी आल्यावर मी चिडले. "ताई, तुम्ही जाऊच नका. सरळ ताप आलाय म्हणून सांगा."

"नाही गेले तर शेवटचा दिसायचा कसा मला?" जाऊबाई म्हणाल्या.

मेळाव्याच्या दिवशी मी दाढी नेहमीपेक्षा दाट लावली. डोळे तेवढे उघडे राहिले. गाणं सुरू झालं, देवदूत खुर्चीवर चढला, आणि मोठ्या बाईंनी निळी शाल पांघरलेल्या नव्या आईच्या मांडीवर गुंड्याला आणून दिलं. त्याने एकदा मेंढपाळांच्या मिशा पाहिल्या आणि जो टाहो फोडला, की देवदूत आपली घोषणाच विसरला.

नवी आई त्याला हलवू लागली, उभी राहिली, परत बसली. शाल घसरली. "दात येत असतील," पुढच्या रांगेतून सल्ला आला. "पालथा धर त्याला." "भूक लागली असेल." "अगं, आधी ते दिवे मालवा." सल्ल्यांना तोटा नव्हता. त्या बिचारीचा चेहरा परीक्षेत पेपर कोरा राहिलेल्या पोरीसारखा झाला होता. पाळकबाईंनी पुढचं गाणं मोठ्याने म्हणायची खूण केली, तसा गुंड्यानेही आवाज चढवला.

रडताना तो एकेक चेहरा बघत होता. शोधत होता, दुसरं काय? त्याची नजर वर जाऊबाईंपर्यंत गेली, दाढीवर थांबली, आणि तो किंचाळून नव्या आईच्या गळ्यात तोंड लपवू लागला. जाऊबाई हाताच्या अंतरावर होत्या. एक शब्द बोलल्या असत्या तरी त्याचं रडू थांबलं असतं. आणि तो शब्द बोलल्या असत्या तर त्याचं घर गेलं असतं. त्यांनी कंदील या हातातून त्या हातात घेतला, तशा भिंतीवरच्या सगळ्यांच्या सावल्या हलल्या. मी पडद्याआड उभी होते. वाटलं, धावत जावं आणि ती दाढी उपटून काढावी. पण मी काय, कुणीच काही केलं नाही. मला त्या दिवशी आमच्या सगळ्या भल्या बायांचा संताप आला. माझाही आला.

शेवटी हुंदके देत देत त्याने नव्या आईच्या खांद्यावर मान टाकली. बायांनी हळूच टाळ्या वाजवल्या. पोर रडून दमलं होतं, आणि आम्ही आपलं शांत झालं म्हणत होतो.

नंतर बाहेर चहा सुरू झाला. मी जाऊबाईंना सामानाच्या खोलीत नेलं, तर मागोमाग नवी आई झोपलेल्या गुंड्याला घेऊन आत आली. तिला कुणीतरी सांगितलं असावं.

"मावशी, तुम्हीच सांभाळलंत ना याला?" ती कुजबुजली. "माझ्याकडे नीट झोपतच नाही हो. काय करू, सांगा ना."

जाऊबाईंनी ओठांवर बोट ठेवलं. मग तिचा हात धरून गुंड्याच्या कमरेच्या जरा वर ठेवला आणि त्या हातावर आपला हात ठेवून थोपटलं, सावकाश. ती शिकली.

"दूध किती कोमट?"

जाऊबाईंनी मनगटाच्या आतल्या बाजूला बोट टेकवून दाखवलं. तिने लगेच आपल्या मनगटाला बोट लावून पाहिलं.

"आणि रात्री दचकून उठला तर?"

जाऊबाईंचे हात वर झाले आणि तसेच राहिले. याला हातवारे नव्हते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रात्रपाळीच्या गप्पांत त्यांनी मला ते कधीतरी सांगितलं होतं, म्हणून मीच बोलले, "तेव्हा फक्त 'मी आहे' म्हणायचं."

"एवढंच?"

"एवढंच."

ती गुंड्याच्या कानाशी वाकली आणि म्हणाली, "मी आहे हं, बाळा." गुंड्या झोपेतच जरा दचकला, मग त्याने उसासा टाकून तिच्या मानेत नाक खुपसलं. तिने आशेने वर पाहिलं. जाऊबाईंनी मान हलवली, बरोबर आहे म्हणून. ती हसली, जाऊबाईंच्या पाया पडायला वाकली, पण पोर जागं होईल म्हणून अर्ध्यातूनच सावरली आणि निघून गेली.

बाहेर गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. जाऊबाईंनी पहिल्यांदा तोंड उघडलं.

"अगं, धाव ना, तिला सांग," त्या म्हणाल्या. "जरा हळू म्हणायला हवं. मोठ्याने म्हटलं की दचकतो तो."

मी धावले. गाडी फाटकाबाहेर वळली होती.