पाटलांच्या दुनळीचा फोटो

बंदुकीचा फोटो काढायचा असेल तर तिला फार तेल लावू नये, असं मी सांगितलं तेव्हा वडील माझ्याकडे पाहतच राहिले. खंडेनवमीच्या पूजेआधी पाटलांच्या बंदुका पुसायच्या, दस्त्यांना जवसाचं तेल चोळायचं, हे दरवर्षी त्यांचंच काम.

"पूजेच्या तोंडावर शस्त्र कोरडं ठेवू?"

"नळी चकाकली की फोटोत नुसती पांढरी रेघ येते, बा."

त्यांनी फडक्यानं तेल टिपून घेतलं, पण मनापासून नाही.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. अमरावतीच्या वसतिगृहातल्या सोबत्यानं सुट्टीपुरता त्याचा पेटीवजा कॅमेरा दिला होता. जानेफळजवळच्या आमच्या गावात ही बातमी पाटलांपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. "कालेजात हेच शिकवतात काय बे?" ते हसून म्हणाले, "मंग माह्या बंदुकीचा एक झकास फोटू काढ. बैठकीत लावतो."

डुकरं टेकड्यांवरून ज्वारीत उतरत. परवाना पाटलांच्या नावाचा होता, पण रात्री वावरातल्या उंच माळ्यावर ती दोन नळ्यांची दुनळी घेऊन जागल करत ते माझे वडील. सकाळी डुक्कर पडलेलं असलं की पाटील पाहुण्यांना "मी पाडलं" म्हणून सांगत. गावाला माहीत होतं. वडिलांना याचं काय वाटे ते मी कधी विचारलं नाही. आमच्यात तसं विचारत नाहीत. पण फोटोच्या दिवशी त्यांनी पाटलांकडे हळूच विषय काढला.

"मालक, माहा बी एक निघन काय? दुनळी हाती घेऊन?"

"अरे, लायसन माह्या नावाचं. तुह्या हाती दिसली तं बुलडाण्याहून पोलीस येतीन. मले बी नेतीन, तुले बी."

"हाव, ते बी खरंच," वडील म्हणाले.

रात्रीच्या अंधारात पोलिसांची भीती नव्हती, ती फक्त फोटोत होती.

पाटलांनी फुलाफुलांचा गालिचा आणवला होता. त्यावर बंदूक हरवली असती. घोंगडीवर काळ्यात काळं झालं असतं. शेवटी मी दुनळी मागच्या वर्षीच्या कडब्याच्या गंजीला टेकवली. वाळलेला फिकट कडबा आणि त्यावर गडद लाकूड. कुंकू फोटोत काळं उमटतं म्हणून पूजेच्या आदल्या दिवशीच हे करायचं ठरवलं होतं. ऊन कलेपर्यंत थांबलो. तिरपं ऊन दस्त्यावर येऊ दिलं आणि सावलीतल्या बाजूला उजेड पडावा म्हणून वडिलांना त्यांचं पांढरं धोतर ताणून धरायला सांगितलं. ते धोतर धरून उभे राहिले, फोटोच्या चौकटीबाहेर.

दिवाळीला मी खामगावच्या फोटोवाल्याकडून फोटो धुऊन आणला. तो खरंच चांगला आला होता. घोड्यांवरची नक्षी दिसत होती, लाकडाची रेघन् रेघ दिसत होती. दस्त्याच्या उजव्या अंगाला हाताएवढा भाग झिजून गुळगुळीत झाला होता, तोही दिसत होता.

पाटलांच्या बैठकीत फराळाला त्यांचे एक वकील मित्र आले होते. ते स्वतः शिकारी. फोटो त्यांनी बराच वेळ न्याहाळला.

"पाटील, ही बंदूक तर डावखुऱ्याची आहे. उजव्या हाताचा माणूस डाव्या अंगाला गाल टेकवतो. हा लाकूड उजव्या अंगाला झिजवणारा कोण?"

कोणीतरी म्हणालं, "पाटील लाडू तं उजव्याच हातानं खाऊन राह्यले." बैठक हसली. पाटीलही हसले, पण सगळ्यांच्या नंतर. दाराशी पाण्याची कळशी घेऊन उभे असलेले वडील हसले नाहीत. गावात डावखुरे ते एकटेच.

पाटील रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. दिवाळी सरली, ज्वारीत दाणा भरू लागला तेव्हा दुनळी त्यांच्या मेहुण्याच्या हाती गेली आणि वडिलांना निरोप आला : माळ्यावर तूच जा, पण गोफण घेऊन. सोबत रिकामा डबा ने म्हणाले, वाजवायला.

कॉलेजला परत जायच्या आदल्या संध्याकाळी, फोटोवाल्याकडून काढून आणलेली दुसरी प्रत मी वडिलांना दिली. त्यांनी ती उजेडात धरली. अंगठा त्या झिजलेल्या जागेवर ठेवला, मग काढला.

"चांगला काढला," ते म्हणाले. "कालेजात शिकला तं चांगलाच काढशील म्हणा." फोटो खाली ठेवत म्हणाले, "थोडा खराब निघाला असता तं काय बिघडलं असतं, बाबू?"

बाहेर अंधारू लागलं होतं. त्यांनी डबा काखेत मारला, गोफण कमरेला खोचली आणि ते वावराकडे निघाले.