बोर्डाच्या मागच्या बाजूला लावलेलं हळद-कुंकू

मुलगी स्कूटीवरून पडली, उजवा हात प्लास्टरमध्ये गेला, म्हणून नव्या नोकरीचं काम घेऊन ती घरी आली. विहिरीवरची मोटर मोबाइलवरून चालू-बंद करायचं यंत्र तिची कंपनी बनवते. त्यात घालायची नवी चिप आधी तपासायची होती. एका हिरव्या बोर्डावर बसवलेली ती चिप पार्सलनं चिखलीला आली, तिथून आमच्या गावात. बोर्ड एकच होता आणि दुपारी दोनला तिच्या साहेबांना व्हिडिओवर तो चालवून दाखवायचा होता. जळला असता तर तिचं पहिलंच काम बुडालं असतं.

मी चौथी शिकले. पण हाताचं काम मला एकदा सांगितलं की पुरतं. शिलाई मशीन मीच उघडते, मीच जोडते. तिनं सांगायचं आणि मी करायचं, असं ठरलं.

आधी तिनं मला मंगळसूत्र पाठीवर टाकायला लावलं. ते बोर्डावर लोंबलं तर जिथं जुळू नये तिथं वीज जुळेल, म्हणाली. मग बोर्डाला वीज पुरवणारा सप्लायचा डबा. बोर्ड न जोडताच मी एक बटण फिरवून पाच व्होल्ट आणले आणि मीटर लावून पाहिले. दुसरं बटण विजेची हद्द ठरवायचं. ते अगदी कमीवर ठेवलं, म्हणजे काही चुकलं तरी बोर्डात जास्त वीज शिरत नाही. सप्लाय बंद करून काळी तार काळ्या जागी लावली, लाल तार लाल जागी.

"कर आता चालू," ती म्हणाली.

मी बोट बटणावर ठेवलं आणि तिथंच थांबले. नवं यंत्र घरात आलं की आम्ही त्याची पूजा करतो. सकाळी ती आंघोळीला गेली तेव्हा मी बोर्डाचीही केली होती. ती हसेल म्हणून मागच्या बाजूला. मंगळसूत्राचं ऐकल्यापासून ते माझ्या मनात घोळत होतं.

"काऊन थांबली?"

"मागून हळद-कुंकू लावलं म्या."

"बोर्डाले? ओलं?"

"हाव."

"नारळ नाही ना फोडला त्याच्यावर?"

"तो पायरीवर फोडला."

ती हसली, पण तारा लगेच काढायला लावल्या. बोर्ड उलटा केला तर ठिपका नेमका मागं निघालेल्या धातूच्या टोकांच्या रांगेवर बसलेला, अजून दमट. ओलाव्यातून वीज नको तिथं सरकली असती, चिप गेली असती, असं ती म्हणाली. तिच्याकडं स्पिरिट होतं. दातांच्या नव्या ब्रशचं पाकीट फोडून मी टोकांमधला रंग निघेपर्यंत हलक्या हातानं घासलं आणि बोर्ड पंख्याखाली ठेवला. पावणेदोनला तिची घाई सुरू झाली. मी बोर्ड डोळ्यांजवळ धरला. एका कोपऱ्यात अजून ओल चमकत होती. आणखी दहा मिनिटं मी तिला हात लावू दिला नाही.

मग मीटरनं तपासलं, तारा लावल्या, बटण दाबलं. हिरवा दिवा लागला. डब्यावरचा विजेचा आकडा थोडा वर चढला आणि हद्दीच्या बराच खाली थांबला. तिनं डाव्या हातानं साहेबांना फोन लावला. मी कॅमेऱ्याबाहेर सरकून बसले आणि त्यांचं बोलणं संपेपर्यंत त्या आकड्यावर नजर ठेवली. तो हलला नाही.