टॉमच्या मार्टिनचा फेस्टी

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या आमच्या कॉनेमारात पॅट्रिक हे नाव पैशाला पासरी. संताचं नाव, त्यामुळे घरटी एक तरी पॅट्रिक, लाडानं पॅडी. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ उमराव घराण्यातला, असं आमचे मास्तर सांगायचे. इतक्या पॅडींना ओळखायचं कसं? म्हणून आम्ही बाप-आजा जोडूनच हाक मारतो. इंग्रजांना कुठली एवढी सवड! त्यांनी तेच एक नाव उचललं आणि बोटीतून उतरणाऱ्या प्रत्येक आयरिश माणसाला चिकटवलं. उमराव म्हणे, आणि हातात फावडं.

टॉमच्या मार्टिनचा फेस्टी एकोणिसाव्या वर्षी लंडनला रस्ते खणायला गेला. मुकादमाला तो पॅडी, घरमालकिणीलाही पॅडीच. आई पत्र लिहायची, पाकिटावर फेस्टस असं पूर्ण नाव घालून. घरमालकीण शेरा मारून परत पाठवायची: ‘या नावाचं इथे कोणी नाही.’ अशी सात पत्रं परत आली. मी पोस्टात नुकतीच लागले होते. ती त्या माउलीच्या हातात देताना माझा जीव अर्धा व्हायचा. तिकडे हा रोज विचारायचा, पत्र आलंय का? पॅडीच्या नावाचं काही नाही, म्हणायची घरमालकीण. वेडा रुसला. घरचे आपल्याला विसरले असं धरून बसला, लिहायचा बंद झाला आणि ती खोलीही सोडली.

चाळीस वर्षांनी दुपारच्या बसमधून एक पांढऱ्या केसांचा माणूस उतरला आणि पोस्टात येऊन दफनभूमीची वाट विचारू लागला. आई गेल्याचं त्याला कुणाकडून तरी कळलं होतं. घरी जायचा विचार नव्हता, कबर पाहून पुढच्या बसनं परत. मी नाव विचारलं, तर सवयीनं म्हणाला, "पॅडी."

"ते झालं हो. पण तुम्ही कुणाचे?"

तो हळूच म्हणाला, "टॉमच्या मार्टिनचा."

भरदुपारी मी पोस्टाला कुलूप घातलं. जन्मात कधी असं केलं नव्हतं. त्याला दंडाला धरून त्याच्या बहिणीकडे, डीलियाकडे नेलं. फडताळातून बिस्किटांचा डबा काढून तिनं त्याच्यापुढे ठेवला. आत आईच्या अक्षरातली ती परत आलेली सात पाकिटं होती; त्यानं डबा पुन्हा तिच्याकडे सरकवला.

"तू वाच," तो म्हणाला. "आधी नाव वाच."

डीलियानं पहिलं पाकीट उचललं. "फेस्टस, मार्टिनचा मुलगा."

"आहे," तो म्हणाला. "इथेच आहे."

तिनं सातही पाकिटं वाचली. सातही वेळा त्यानं ओ दिली.