तळहातातली बाटली

चूक माझीच होती. धाकट्या भावाने आदल्या दिवशीच नशेची गोळी घेतली होती, तरी "दहा दिवस काही घेतलं नाही," असं मी विद्यानगरच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरना सांगितलं. महिनाभर अंगात पाझरत राहून नशा चढू न देणारं इंजेक्शन त्याला लगेच मिळावं, एवढीच घाई होती.

फ्रिजमधली बाटली तळहातांत धरून ऊब देता देता ते प्रत्येकाला तीनदा विचारतात, "नक्की ना, अण्णा?" त्या दिवशी तिसऱ्यांदा विचारताना त्यांनी भावाच्या डोळ्यांतल्या, गोळीने बारीक झालेल्या बाहुल्या पाहिल्या आणि बाटली परत ठेवली.

"तुम्ही काय डॉक्टर आहात?" मी सगळ्यांदेखत ओरडलो.

"गोळी अंगात असताना हे टोचलं तर जिवावर बेतेल, अण्णा. टोचलेलं परत काढता येत नाही."

पुढच्या खेपेला त्यांनी विचारण्याआधीच मी सगळ्यांदेखत म्हणालो, "त्या दिवशी खोटं बोललो, अण्णा. माफ करा."