घड्याळकाकांचा स्टॉप

पदनाम: गट-व्यायाम मार्गदर्शिका. कर्तव्य: रुग्णांस खेळीमेळीने हालचालीस प्रवृत्त करणे व ते आधाराविना उभे राहू लागताच त्यांस गटातून मुक्त करणे. वाहन: लागू नाही.

वाहन मात्र होतं. उपचारकेंद्राच्या हॉलमध्ये दोन रांगांत खुर्च्या मांडल्या की त्यांची बस व्हायची आणि मार्गदर्शिका बाई कंडक्टर. बाई "डावं वळण" म्हणाल्या की लकव्याचे, गुडघ्यांचे, कंबरेचे सगळे प्रवासी डावीकडे झुकायचे. ज्याचा स्टॉप येईल त्यानं उठून उतरायचं. खरा व्यायाम तोच, बाकी सगळा बहाणा.

घड्याळकाका उतरतच नसत. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, पण स्टॉप आला की डोळे मिटून घ्यायचा.

"काका, घर आलं तुमचं."

"गेलं वाटतं मागे. राहू दे, कंडक्टरबाई, डेपोतच उतरतो."

"फुकटे कुठले," मागून कुणीतरी.

"पास आहे माझा."

काका काठीशिवाय पाणी प्यायला जाताना बाईंनी पाहिलं होतं. नोंद मात्र केली नव्हती. काकांच्या घरी वाट पाहणारं कुणी नव्हतं. बाईंच्या तरी कोण होतं? लेक लांब गेल्यापासून "जेवलीस का गं?" असं विचारणारे एक काकाच उरले होते.

एकदा डॉक्टर दारात उभे असताना एक नव्या आजी काठी टेकत आल्या. खुर्च्या भरलेल्या. बाई आणखी एक आणायला वळल्या, तोच काका ताडकन उठले.

"या, बसा इथं."

हात मोकळे, पाय घट्ट. आपण काय करून बसलो, हे काकांना जरा उशिरानं उमगलं.

"वा," डॉक्टर म्हणाले. "मॅडम, यांना आता सोडायला हरकत नाही ना?"

काका बाईंकडे बघत राहिले. अजून महिनाभर हवा, असं बाईंच्या अगदी जिभेवर आलं होतं. काकांचे पाय मात्र सगळ्यांदेखत ठाम उभे होते. बाईंनी घंटी वाजवली.

"काका, तुमचा स्टॉप."

"डेपो?"

"घर."

काका खुर्च्यांमधून दाराकडे निघाले. बाईंनी धरायला हात पुढे केला होता. काकांना तो लागला नाही.

"जेवत जा वेळेवर," ते जाता जाता म्हणाले.

दुपारी बाईंनी अहवाल लिहिला: 'आधाराची गरज उरलेली नाही.' त्या दिवशी त्यांचा डबा तसाच घरी परत गेला.