यादीतली दुसरी बोरी

कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चपला काढून ठेवायच्या, असा आमच्या दफ्तरात नियम होता. धुळीनं मशीन बिघडतं हे त्याचं कारण. पण लोक आत येताना आवाजही खाली करत, आणि एकदोघं तर उंबऱ्याला हात लावून आत पाऊल टाकत. परभणीतलं ते एक सरकारी दफ्तर. कोपऱ्यात कपाटाएवढं मशीन, त्याला जोडलेली पाच-सहा टर्मिनलं, एक कर्कश प्रिंटर आणि खिडकीत कूलर. नव्वद सालानंतरची ही गोष्ट. मी तिथं ऑपरेटर होतो आणि यादी माझ्याकडं होती.

ही यादी म्हणजे काय ते सांगायला पाहिजे. त्या मशीनवर चित्रं नव्हती. काळ्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत हुकूम टाइप करायचा, मग मशीन हलायचं. हुकूम ऐकून घेणाऱ्या भागाला शेल म्हणतात. मूळचे हुकूम तुटक, इंग्रजी आणि मोजके होते. गावांच्या विहिरी, पेरा, जनावरं असली माहिती नीट लावायची तर पाच-सात हुकूम ओळीनं द्यावे लागत. मग कुणीतरी ते एकत्र बांधून त्यांचा एकच नवा हुकूम करी आणि शेलला जोडून देई. त्याला आम्ही ‘जोड’ म्हणायचो. कोणती जोड काय करते, याची यादी मशीनमध्येच होती. ती वाचायची सगळ्यांना मुभा, तीत लिहायची फक्त मला. मी काही मोठा हुशार नव्हतो. मला फुरसत होती आणि टाइप करताना माझ्या चुका कमी होत, एवढंच.

जोडीला नाव द्यायची आमची रीत वेगळी होती. सुरुवातीला लोकांनी साहेबी थाटाची नावं दिली, ती कुणाच्या लक्षात राहिनात. मग येलदरीच्या, धरणाच्या गावच्या एकानं अशी जोड केली की लांबलचक यादी धडाधड पळून न जाता पडदा भरला की थांबायची, आणि बटण दाबलं की पुढचा पडदा सोडायची. लोक म्हणायला लागले, “येलदरी लाव, दरवाजा उचलला की पानी येतंय तसं येतंय.” तेच नाव पडलं. वालूरच्या माणसानं माहितीच्या रांगा बाजारासारख्या लावून देणारी जोड केली, ती वालूर झाली. मग ठरूनच गेलं, ज्याची जोड त्याच्या गावाचं नाव. करणाऱ्याचं नाव वेगळं लिहायचं नाही. गाव म्हटलं की माणूस आलाच.

दुसरी रीत चाचणीची. शनिवारी चहाच्या वेळी जोड चालवून दाखवायची, पण ज्यानं केली त्यानं नाही. त्यानं दोन्ही हात मांडीवर ठेवून गप्प बसायचं आणि दुसऱ्यानं चालवायची. चालवणाऱ्याला काही विचारावं लागलं की जोड परत. भले भले लोक हात मांडीवर दाबून घामाघूम झालेले मी पाहिलेत.

माझा मित्र याच खोलीत माहिती भरायचं काम करायचा. आम्ही दोघं एकाच वर्षी लागलो. तो बोरीचा, सकाळच्या एसटीनं यायचा. आम्ही रोज डबा एकत्र खायचो. त्याचं घर बौद्ध वस्तीत, गावाच्या खालच्या अंगाला. त्यानं मला दोनदा जेवायला बोलावलं होतं. दोन्ही वेळा मी काहीतरी काम काढलं. तेव्हा ते मला फारसं खटकलं नाही, हेही लिहून ठेवतो.

आमच्या कामातलं खरं दुखणं म्हणजे लाइट. बॅटरी होती, पण नावाला. निम्मा दिवस बसून भरलेलं लाइट गेली की जायचं, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मित्रानं त्यावर जोड केली. ती दर शब्दागणिक काम आपोआप जपून ठेवायची आणि मशीन परत सुरू झालं की जिथं थांबलात तिथंच आणून बसवायची.

तिची चाचणी मी घेतली. तो शेजारी हात मांडीवर ठेवून बसला. मी भरत होतो आणि सगळे लाइट जायची वाट बघत होते. एरवी शिव्या घालायचो तिला, त्या दिवशी ती जाईना.

“आज वायरमन सासुरवाडीला गेलाय वाट्टं,” कुणीतरी म्हणालं.

शेवटी शिपायानं जाऊन मेन स्विचच खाली ओढला. मशीन पुन्हा उभं राहायला बराच वेळ लागला. तोवर चहा झाला. मग मी जोड लावली आणि माझी शेवटची ओळ, निम्म्यात तुटलेल्या शब्दाच्या आधीपर्यंत, पडद्यावर उभी राहिली. खोलीत ओरडाच झाला. मित्रानं मांडीवरचे हात उचलले आणि तोंडावरून फिरवले.

“लावा यादीत,” तो म्हणाला.

“नाव?” मी विचारलं. विचारायचं खरं तर काही कारण नव्हतं.

“बोरी. दुसरं कोन्तं लावनार?”

प्रिंटरजवळच्या खुर्चीत अण्णा बसले होते. अण्णा शेजारच्या विभागातले जुने क्लार्क, तेही बोरीचेच, गावातल्या मोठ्या वाड्यावरचे. यादीत त्यांची एक जोड आधीच होती. छापलेल्या मथळ्याभोवती चांदण्यांची, म्हणजे * या चिन्हांची, चौकट काढायची ती. कागद जाया होतो म्हणून साहेबांनी चौकटी बंद केल्या, तेव्हापासून तिला कुणी हात लावला नव्हता.

“बोरी हाय की यादीत,” अण्णा हसत म्हणाले. “माजी हाय. विसरलाव का?”

“दोन करा की, अण्णा,” मित्र म्हणाला. “सेलूच्या हायेत की दोन.”

हे खरं होतं. सेलूचे दोघं होते. मी एक आणि दोन असे आकडे लावून मोकळा झालो होतो, कुणाला विचारलंही नव्हतं.

“सेलू तालुका हाय बाबा,” अण्णा म्हणाले. “बोरी एकच हाय. तुमी नवं काईतरी काढा. तुमाला नवी नावं लय आवडायलीत सध्या.”

लोक हसले. मीही हसलो. त्या हसण्यात वाईट हेतू नव्हता असं मी पुढं बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. पण ‘नवी नावं’ म्हणजे काय, हे त्या खोलीत सगळ्यांना कळलं होतं. मी शाळेत होतो तेव्हा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात वस्त्या जळाल्या. तेव्हापासून ते नाव अडकून पडलेलं होतं. आमच्या घरी तेव्हा जेवताना वडील एकच वाक्य म्हणायचे. ते वाक्य त्या शनिवारी माझ्या तोंडून जसंच्या तसं बाहेर पडलं.

“जाऊ दे ना,” मी मित्राला म्हणालो. “नावात काय ठेवलंय? काम चाललं म्हणजे झालं.”

तो माझ्याकडं वळला. “मंग तेच अण्णाला म्हना ना, भाऊ.”

मी म्हणालो नाही. “बघू सोमवारी,” म्हटलं आणि कपबशा गोळा करायला लागलो. ते माझं काम नव्हतं.

सोमवारी मी ती जोड यादीत ‘खूण’ या नावानं लिहिली. मला कुणी धमकावलं नव्हतं. अण्णांच्या हातात माझी बढती नव्हती, बदली नव्हती. ते फार तर दोन दिवस फुगून बसले असते. मी पुढं पुष्कळ कारणं शोधली. आमची नात्यागोत्यातली ओळख, दफ्तरातली शांतता, बाहेरचं वातावरण. खरी गोष्ट एवढीच, की अण्णांचा चेहरा पडलेला मला बघवला नसता आणि मित्राचा पडलेला चालला.

त्याचा परिणाम मला लिहिताना दिसला नव्हता. आमच्या यादीत माणूस गावाच्या नावानं ओळखला जायचा. ‘खूण’ला गाव नव्हतं, म्हणून तिला माणूसही उरला नाही. सगळ्यांत जास्त चालायची ती हीच जोड. सकाळी आलं की आधी खूण. नवे लोक धरून चालले, की बेवारस जोड आहे म्हणजे यादीवाल्याचीच असणार.

पुढं औरंगाबादहून एक साहेब आले. त्यांनी खूण चालवून पाहिली आणि खूश झाले. “हे कुणाचं डोकं?”

“यांचंच, साहेब,” कुणीतरी माझ्याकडं बोट दाखवलं. “यादी यांचीच हाय.”

मित्र तिथंच, एक टर्मिनल सोडून बसलेला होता. त्याची बोटं थांबली होती.

“सगळ्यांचं आहे, साहेब,” मी म्हणालो.

साहेबांना ते फार आवडलं. असा सांघिक भाव पाहिजे, असं काहीतरी बोलले. जाताना आमच्या जोडी आणि यादी टेपवर भरून घेऊन गेले, दुसऱ्या जिल्ह्यांना द्यायला. म्हणजे आमच्या खोलीत दुरुस्त करता आलं असतं तेही आता बाहेर तसंच राहणार होतं. त्या दिवशी डबा खाताना मी माझ्या डब्यातला ठेचा त्याच्याकडं सरकवला. त्यानं घेतला.

नंतर एकदा मी त्याच्या मागं उभा होतो. लाइट जाऊन आली होती. त्यानं टर्मिनलवर टाइप केलं ते ‘खूण’ नव्हतं, ‘बोरी’ होतं. मला वाटलं आता चांदण्या येतील. पण त्याची तुटलेली ओळच समोर आली.

“हे कसं?” मी विचारलं.

“माज्या लॉगिनच्या खात्यात माजं नाव लावलंय,” तो मागं न बघता म्हणाला. “तुमच्या यादीला हात लावला न्हाई. घाबरू नका.”

एका जोडीला दोन नावं देता येतात. शेल शिकताना दुसऱ्याच दिवशी शिकवतात ते. मला येत होतं. म्हणजे अण्णांचं काही न काढता, कुणाचं काही न मोडता, एका ओळीत सगळं होण्यासारखं होतं. हे मला त्या शनिवारीही माहीत होतं का? माहीत होतं. सुचलं नव्हतं, असं म्हणता येईल. पण सुचायचं होतं कुणाला?

मग ती संक्रांत आली. विद्यापीठाच्या नावाचा निर्णय जाहीर झाला. परभणीत चौकाचौकात पोलीस, एसटी बंद होतील की काय ही चर्चा. मित्र दफ्तरात आला तो धुतलेल्या पांढऱ्या शर्टात, हातात पेढ्यांचा पुडा. खोलीतल्या प्रत्येकासमोर त्यानं पुडा धरला. अण्णांसमोरही. अण्णांनी पेढा घेतला आणि कागदात गुंडाळून खिशात ठेवला.

माझ्यापुढं आला तेव्हा मला भरून आलं. मी म्हटलं, “आज तुझ्या जोडीचं नाव बदलू या. बोरी करू. आत्ता, तुझ्यासमोर.”

मग त्यानं शेजारची खुर्ची ओढली, बसला, आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. चाचणीला बसतात तसे. मी टर्मिनलकडं वळलो. यादी उघडली. बोरीची ओळ समोर आली, अण्णांच्या चांदण्यांची.

“एकदा अण्णांच्या कानावर घालू फक्त,” मी म्हणालो.

हे शब्द मी ठरवून बोललो नाही. आपोआप आले. उंबऱ्याला हात जातो तसे.

तो हसला. मोठ्यानं नाही. पुड्यातला पेढा उचलून त्यानं माझ्या हातावर ठेवला. “गोड तोंड करा, भाऊ,” म्हणाला आणि आपल्या जागेवर जाऊन कामाला लागला. मी यादी बंद केली. पुन्हा तो विषय त्यानं काढला नाही आणि मीही काढू दिला नाही. उन्हाळ्यात त्याची बीडला बदली झाली. निरोपाच्या चहाला मी त्याच्याबद्दल चांगलं बोललो. अण्णाही चांगलं बोलले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत माझीही बदली निघाली. माझ्या जागी नांदेडहून एक बाई आल्या. वयानं माझ्याहून मोठ्या, चष्मा केसांवर सरकवून बोलायच्या. मी त्यांना यादी समजावून दिली. गावांची रीत, मांडीवर हात ठेवायची रीत. त्या मन लावून ऐकत होत्या. खालपर्यंत आल्यावर त्यांनी बोट ठेवलं.

“खूण? हे कुठं आलं? कुठल्या तालुक्यात?”

“गाव नाही ते,” मी म्हणालो. आणि मग तोंडातून निघालं, “बोरी. बोरीच्या माणसानं केलीय ती.”

“मग वरची बोरी?”

“ती दुसऱ्याची. त्याच गावच्या.”

“ती काय करते?”

मी सांगितलं. चांदण्या, चौकट, कागद.

“वापरतं का कुणी?”

“नाही.”

“अहो, मग तिला दोन करायची आणि हिला एक. सेलूच्या आहेत की दोन. आणि खूण हेही नाव राहू द्या, लोकांच्या हाताला बसलंय.” त्यांनी चष्मा डोळ्यांवर ओढला, मला सरकायला सांगितलं आणि माझ्या देखत टाइप केलं. माझा चहा अजून गरम होता.

“अण्णांना...” मी म्हणालो.

“कोण अण्णा?” त्यांनी विचारलं.

अण्णा पुढं त्याच दफ्तरातून निवृत्त झाले. आपली बोरी दोन नंबरला गेली, हे त्यांना कधी कळलंच नाही, कारण त्यांनी ती पुन्हा कधी लावलीच नाही.

मित्राला मी कळवलं नाही. कळवावं असं बऱ्याचदा मनात आलं. पण काय लिहिणार? ‘तुझं नाव लागलं’ एवढं लिहिलं, तर ते मी लावलं असं त्याला वाटेल. मी नाही लावलं, असं लिहायचं तर मग का नाही लावलं, तेही सगळं लिहावं लागेल.