नटीनं खाल्लेले धपाटे

मानवतच्या स्टँडवर परभणीची एसटी लागली. बाबांनी माझी बॅग वर चढवली, खाली उतरून खिडकीशी आले आणि विचारलं, "त्या बाईसारखी येशील ना माघारी?" मी हो म्हणाले. मागं उभी असलेली आई पदराआड हसली. मी परभणीहून पुढं पुण्याला फिल्म एडिटिंग शिकायला निघाले होते. आई का हसली, हे कळायला पुढं बरेच दिवस जावे लागले.

ती बाई म्हणजे माझं लहानपणचं वेड. मी शाळेत असताना टीव्हीवर एका जुन्या नटीवरचा माहितीपट लागला होता. बंगालकडची, खेड्यातलं घर सोडून मुंबईला आलेली, आता पार केस पिकलेली. मधे तिचे जुने सीन, मधे ती स्वतः बोलायची. मी हरखूनच गेले. पुढं कितीतरी दिवस आरशापुढं तिच्यासारखी मान वळवत बसायचे. शेजारच्या काकू म्हणायच्या, पोरीची मान अवघडली का काय!

माहितीपटाच्या शेवटी ती एवढ्या वर्षांनी गावाकडं निघाली, गाडी तिच्या गल्लीत वळली आणि आमची लाइट गेली. भारनियमन, दुसरं काय. मी भोकाड पसरलं. तेव्हा अंधारात आईनं पुढचं सांगितलं. तिच्या आईनं दार उघडलं, एका शब्दानं काही विचारलं नाही, पाट मांडला, गरम धपाटे वाढले आणि नटी पोटभर जेवली. बंगालकडची बाई धपाटे कुठून खाईल, हा प्रश्न मला पडला नाही. कापसाच्या जिनिंग कारखान्यातून दमून आलेले बाबाही कान देऊन ऐकत होते, त्यांनाही नाही.

बीए झाल्यावर मी पुण्याचं नाव काढलं, तर बाबा साफ नाही म्हणाले. पोरगी सिनेमात गेली की गेलीच, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी घरात अबोला धरला. मग आईनं ती नटी काढली. एवढी मोठी झाली तरी आली का नाही माघारी? आईच्या हातचं खाल्लं का नाही? बाबा विरघळले.

पुण्यात एका दुपारी कॉलेजच्या कॉम्प्युटरवर तो माहितीपट सापडला. राहिलेला शेवट बघितला. दाराला कुलूप होतं, घरात कुणीच उरलं नव्हतं. नटीनं कुलपाला हात लावला आणि परत गाडीत जाऊन बसली. मला रडूच फुटलं. जिच्या भरवशावर मी घर सोडलं, ती घरात गेलीच नव्हती.

तशीच आईला फोन लावला. ती आधी म्हणाली, "मला काय ठावं? लाइट गेली होती की." मग म्हणाली, "तिच्या दाराला कुलूप होतं. आपल्या न्हाई. तू येत राह्य, म्हंजे माजं खोटं खरं होतंय."

आता मी दुसऱ्यांचे माहितीपट जोडते. कट, टाइमलाइन, रेंडर हे शब्द तोंडात बसलेत. मानवतला उतरले की मात्र तोंडात लगेच गावाकडचं "काय करायलास" सुरू होतं. गाव सोडलेल्यांनो, तुमचं घर कशात आहे ते तुम्ही जाणा. माझं घर म्हणजे आईनं अंधारात रचलेला तो शेवट.

बाबांना कुलपाचं अजून सांगितलेलं नाही. मी दारात आले की आई काही विचारत नाही, पाट मांडते. बाबा शेजारी बसून म्हणतात, "बघ, त्या बाईसारखीच आली." मी आईकडं न बघता अजून एक धपाटा वाढायला सांगते.